आयात शुल्क वाढवावं की काढावं? सोलापूरच्या बाजूने बोलू या

टेरी_टॉवेल (धागाकर्ता)

ऑगस्ट २०२५ पासून अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुठल्याही कारखान्यात डोकावा, बोलणं फिरून एकाच गोष्टीवर येतं. अमेरिकेने ७ ऑगस्ट २०२५ ला आपल्या मालावर २५ टक्के आणि २७ ऑगस्टला आणखी २५ टक्के कर लावला. सुती टेरी टॉवेलवर तिथे आधीपासूनच ९.१ टक्के शुल्क होतं. म्हणजे तेव्हा शंभर रुपयांच्या टॉवेलमागे तिथला आयातदार बंदरातच एकोणसाठ रुपये भरत होता. पाकिस्तानवर हा वरचा कर तेव्हा १९ टक्के होता, बांगलादेश आणि व्हिएतनामवर २० टक्के. टॉवेलात पाकिस्तान आपला थेट स्पर्धक आहे, त्यामुळे पुढचं गणित वेगळं सांगायला नको.

मी एका टॉवेल कारखान्यात निर्यातीची कागदपत्रं बघतो. कर आयातदार भरतो हे खरं, पण भरण्याआधी त्याचा मेल येतो: भावात किती सोडता? सोडलं तर आमचं काही उरत नाही, नाही सोडलं तर ऑर्डर कराचीला जाते.

यावर आपल्या ग्रुप-ग्रुपवर एकच उपाय फिरतोय. त्यांनी लावला ना, मग आपणही लावा, बाहेरचं काही आत येऊच देऊ नका. राग मला कळतो. पण हा उपाय आपल्याच गावाला बाधेल असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा.

फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात कापसावर सगळं मिळून ११ टक्के आयात शुल्क आलं. आपल्या शेतकऱ्याला भाव मिळावा हा हेतू. पण टॉवेलच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा सुताचा असतो. टंचाईच्या वर्षी बाहेरचा कापूस शुल्कासकट ज्या भावाला पडतो, तिथपर्यंत देशातला भावही चढतो, कारण सूतगिरणीला दुसरीकडे जायला जागा नसते. मे २०२२ मध्ये कापसाची खंडी (सुमारे ३५६ किलो) लाख रुपयांच्या वर गेली. एप्रिलमध्ये शुल्क तात्पुरतं काढलं होतं, पण तोवर जगभरच कापूस महागला होता, आणि मागवलेल्या गाठी जहाजाने यायला वेळ लागतो. त्या उन्हाळ्यात महाग सूत घेऊन तोट्यात विणावं की माग थांबवावेत, एवढेच दोन रस्ते छोट्या कारखानदारापुढे होते.

सोलापूर विकतं टॉवेल आणि चादर, विकत घेतं सूत. सुतावर पडलेला प्रत्येक बोजा शेवटी आपल्या टॉवेलवर येतो, आणि तो टॉवेल कराचीच्या टॉवेलशेजारी मांडायचा असतो. अमेरिकेने लावलेल्या कराबद्दल आपण बोलतो, पण आपण स्वतःच आपल्या मालावर घरबसल्या लावलेल्या कराबद्दल कुणी बोलत नाही. माझं मत असं की कच्चा माल खुला असावा. पक्क्या मालाला संरक्षण द्यायचंच असेल तर आधी मुदत ठरवून द्यावं.

मतं वेगळी असणारच. सविस्तर लिहा.

मोहोळचा_कांदा

दादा, तुमची अडचण खरी आहे. पण कच्चा माल खुला करा म्हणताना तो पिकवतो कोण, तेही बघा.

माझी बहीण परभणी जिल्ह्यात दिलीय. घरी कापूस. २०२५ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. जूनमध्ये पेरणी केली तेव्हा ११ टक्के शुल्क होतं. १९ ऑगस्टला ते काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, नंतर मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. म्हणजे बरोबर वेचणी होऊन कापूस घरात येतो त्या महिन्यांत. व्यापारी हमीभावाच्या खाली मागतो आणि खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की गाडी माघारी. आता बहिणीनं काय करायचं? पेरलेला कापूस उपटून दुसरं काही लावता येत नाही.

कांद्याचं तर विचारूच नका. सप्टेंबर २०१९ ला निर्यातबंदी, मार्च २०२० ला उठली. सप्टेंबर २०२० ला परत बंदी, जानेवारी २०२१ ला उठली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क आणि डिसेंबर २०२३ मध्ये थेट बंदी. डिसेंबर-जानेवारीत आपल्या सोलापूरच्या बाजार समितीत लाल कांद्याच्या गाड्यांना उभं राहायला जागा नसते, हे तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. नेमका तेव्हाच दरवाजा लावला. ४ मे २०२४ ला बंदी उठली ती पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. उन्हाळी कांदा चाळीत ठेवून वाट तरी बघता येते. आमचा लाल कांदा टिकत नाही, आला तसा विकावा लागतो.

खुला व्यापार म्हणता ना, मग आमचा मालही बाहेर जाऊ द्या. भाव वाढला की बंदी आणि पडला की बाजाराचा नियम, असं चाललंय. गिऱ्हाइकाला संरक्षण, कारखान्याला स्वस्त कापूस, आणि शेतकऱ्याला उघड्यावर टाकलालेत. मला खुला व्यापार चालतो, पण दोन्ही बाजूंनी.

टेरी_टॉवेल

मोहोळकर, निर्यातबंदीला माझा तुमच्याइतकाच विरोध आहे. आणि त्याचं नुकसान बंदी उठली तरी भरून येत नाही. निर्यातीत आम्ही रोज बघतो, गिऱ्हाईक एकदा दुसरीकडे वळलं की त्याला परत आणायला वर्षं जातात. बांगलादेश आपल्या कांद्याचा मोठा गिऱ्हाईक. दर वेळी आपण ऐन वेळी हात वर केले तर तो दुसरा पुरवठादार शोधणारच.

गिरणीचा_नातू

धागाकर्त्यांनी मांडणी चांगली केली, पण इतिहास सोडून दिला. सोलापूरकराला खुल्या व्यापाराचं कौतुक सांगण्याआधी जुन्या गिरणीपासून सुरुवात करायला हवी.

सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे आपली जुनी गिरणी, १८७७ ची. पाचच वर्षांत, १८८२ ला, ब्रिटिश सरकारने विलायती कापडावरचं आयात शुल्क काढून टाकलं. कारण दिलं खुल्या व्यापाराचं, फायदा मँचेस्टरचा. पुढे तिजोरीत खडखडाट झाला म्हणून शुल्क परत लावावं लागलं, तर लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनी ओरड केली. मग १८९६ मध्ये विलायती कापडावर साडेतीन टक्के आयात शुल्क आणि आपल्या गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच उत्पादन कर. आपल्या देशात आपण विणलेल्या कापडावर कर, कशासाठी तर परक्या मालाला बरोबरीची संधी मिळावी म्हणून! हा कर तब्बल १९२५ पर्यंत चालला. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या भाषणात हेच सांगितलं होतं की इंग्लंडच्या पुस्तकातलं अर्थशास्त्र हिंदुस्थानच्या परिस्थितीला जसंच्या तसं लावता येणार नाही.

आणि वालचंद हिराचंद? जन्म सोलापूरचा, १८८२. त्यांच्या सिंदिया कंपनीचं 'लॉयल्टी' जहाज ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून निघालं, आजही तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाला बुडवायचा प्रयत्न केला. बलाढ्य कंपनी तोटा सोसून भाडं उतरवते, नवीन कंपनी संपली की परत चढवते. म्हणून किनाऱ्यावरची वाहतूक देशी जहाजांसाठी राखून ठेवा ही मागणी वालचंदांनी वर्षानुवर्षं लावून धरली. त्यांना संरक्षण मागायची लाज वाटली नाही, आपल्यालाही वाटू नये.

याच गावाने स्वदेशीसाठी आणि स्वराज्यासाठी १९३० ला मार्शल लॉ सोसला, चार जण १२ जानेवारी १९३१ ला फासावर गेले. तेव्हा परदेशी माल येऊ द्या हे इथं कुणी सहज बोलू नये असं मला वाटतं.

नवी_पेठ_चादर

दुकानदार म्हणून थोडक्यात लिहितो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळून बरीच वर्षं झाली, टॉवेललाही आहे. तरी 'सोलापुरी' लेबल लावून बाहेरच्या गावात यंत्रावर काढलेला हलका माल आपल्याच स्टँडजवळ विकला जातो. तो आपल्याच देशात बनतो, त्याला कस्टम कुठून अडवणार? मला हवं असलेलं संरक्षण बंदरावर मिळत नाही. नकली लेबल लावणाऱ्यावर कारवाई झाली तर मला आयात शुल्कापेक्षा जास्त फायदा आहे.

फडकूले_कट्टा

+१ चादरवाल्या काकांना. एक शंका आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये आपण आरसेप करारातून (आशिया-पॅसिफिकमधल्या देशांचा मुक्त व्यापार करार) बाहेर पडलो, ते मग चूक होतं का? माझ्या मामांचा सांगोल्याजवळ गोठा आहे. न्यूझीलंडची दूध पावडर आली असती तर दुधाचे दर पडले असते असं ते सांगतात.

अर्थशास्त्र_शिकवते

शंका चांगली आहे, उत्तर थोडं लांबून देते, कारण नातू यांच्या मुद्द्याशी ते जोडलेलं आहे.

रिकार्डोने १८१७ मध्ये उदाहरण दिलं ते इंग्लंडच्या कापडाचं आणि पोर्तुगालच्या वाइनचं. प्रत्येक देशाने ज्यात तो तुलनेने पुढे आहे ते करावं आणि बाकीचं विकत घ्यावं, दोघांचाही फायदा. हिशोब म्हणून यात चूक नाही. फक्त त्यात एक गोष्ट गृहीत आहे, की माग सोडलेला माणूस उद्या द्राक्षाच्या बागेत कामाला लागेल. विणकराच्या बाबतीत असं होत नाही, हे आपल्या पूर्व भागात वेगळं सांगायला नको. दुसरी बाजू अमेरिकेच्या अलेक्झांडर हॅमिल्टनने १७९१ च्या अहवालात मांडली होती की नवा उद्योग उभा राहीपर्यंत त्याला आसरा द्यावा लागतो. जर्मनीच्या फ्रेडरिक लिस्टने तेच पुढे नेलं, आणि रानड्यांनी लिस्टचा आधार घेतला. तेव्हा रानडे आणि वालचंद त्यांच्या काळात बरोबर होते, याबद्दल मला शंका नाही. सत्ताच दुसऱ्याच्या हातात असताना खुला व्यापार खुला नसतो.

पण नातू, जुनी गिरणी बंद कधी पडली? १९६० च्या दशकात. त्या वेळी परकीय चलन नव्हतं, आयातीला परवाना लागायचा, विलायती कापड बाजारात दिसतही नव्हतं. संरक्षण पूर्ण होतं आणि तरी गिरणी गेली. जुनी यंत्रं, भांडवल परत न घालणारं व्यवस्थापन, आणि सरकारचं आणखी एक धोरण. हातमाग वाचावा म्हणून गिरण्यांना माग वाढवायला बंदी होती. वाचला का हातमाग? मधली जागा यंत्रमागाने घेतली, आणि आजचं सोलापूर त्यातूनच उभं राहिलं. एकाला वाचवायला केलेल्या नियमाने तिसऱ्याचंच भलं झालं. लक्ष्मी-विष्णू गिरणी १९९० च्या दशकात बंद झाली त्याचंही खापर सगळं उदारीकरणावर फोडता येत नाही. सिंदियाचंही तेच. स्वातंत्र्यानंतर किनारा भारतीय जहाजांना राखून मिळाला, तरी कंपनी पुढे टिकली नाही.

दक्षिण कोरियानेही १९६० नंतर संरक्षण दिलं, स्वस्त कर्जं दिली. पण एक अट घातली, निर्यात करून दाखवा. निर्यातीचं लक्ष्य चुकलं की सवलत गेली. आपल्याकडे १९९१ च्या आधी काही वस्तूंवर ३०० टक्क्यांच्या वर आयात शुल्क होतं आणि बदल्यात कारखानदाराने काय करायचं याची कसलीही अट नव्हती. मला फरक इथेच दिसतो.

आता मोहोळकरांसाठी एक जुनी गोष्ट. १९३३ मध्ये जपानी कापडाचा पूर आला म्हणून ब्रिटिशेतर कापडावरचं शुल्क ७५ टक्क्यांपर्यंत नेलं. गिरण्या खूश. जपानच्या गिरण्यांनी उलट आपला कापूस घेणंच थांबवलं. मार बसला तो कापूस पिकवणाऱ्याला. शेवटी १९३४ च्या करारात जपान किती गाठी घेणार त्यावर त्याचं किती कापड येणार हे बांधून द्यावं लागलं. कापडाच्या संरक्षणाची किंमत शेतकऱ्याने दिली. शुल्क लावताना समोरचा काय करेल आणि ते कुणाच्या अंगावर येईल, हे आधी विचारावं लागतं.

आरसेपबद्दल: दुधावर लाखो घरं चालतात, तिथे घाई न करणं मला योग्य वाटतं. पण बाहेर राहून ते संरक्षण वापरायचं कशासाठी, हे कुणी ठरवलं का? चारा, जनावरांचं आरोग्य, दुधाची प्रत यात काही झालं नाही तर दहा वर्षांनीही मामा तिथेच असतील.

गिरणीचा_नातू

बाई, गिरणी बंद पडल्याबद्दलचं तुमचं म्हणणं घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्याशी जुळतं. पण माझा मुद्दा अजून उभा आहे. २०२५ मध्ये अमेरिकेसारख्या देशाने दोन आदेशांत ५० टक्के लावले, तर खुल्या व्यापाराचे नियम पाळायचे फक्त आपणच का?

टेरी_टॉवेल

कारण नियम मोडून आपला टॉवेल स्वस्त होत नाही. त्यांच्या करावर उत्तर म्हणून दुसरी बाजारपेठ उघडणं हेच कामाला येतं. युरोपात बांगलादेशचा टॉवेल २००१ पासून बिनशुल्क जातो, पाकिस्तानचा २०१४ पासून. आपला शुल्क भरून जातो. इतकी वर्षं आपण हे सोसलं आणि त्यावर मोर्चा कुणी काढला नाही! ब्रिटनशी २४ जुलै २०२५ ला करारावर सह्या झाल्या, त्या करारामुळे तिथे आपण बरोबरीला येऊ. अमिरातीशी करार मे २०२२ पासून चालू आहे. आखातात आपला माल आधीपासून जातोच. हे करार मिळतात ते काही तरी देऊन. आपण सगळे दरवाजे लावून बसलो तर समोरचा त्याचा का उघडेल?

पूर्व_भागातली_मुलगी

सगळं वाचलं. आमच्या घरी तेलुगू बोलतात, लिहिण्यात चूक झाली तर सांभाळून घ्या. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. मी घरातली पहिली पदवीधर.

इथं कारखानदार आणि शेतकरी बोलले, कामगार राहिला. ऑर्डर कमी झाली की आधी रात्रपाळी थांबते. मग आठवड्याचे दिवस कमी होतात. पगार आठवड्याला, विणलेल्या मालावर. माग थांबला की पगार थांबला. कापसाला हमीभाव तरी छापलेला असतो, पाळी बंद झाल्यावर वडिलांनी कुणाकडे जायचं? बऱ्याच जणांची नावं हजेरीपटावर धड नसतात, मग भविष्यनिर्वाह निधी कुठला आणि नुकसानभरपाई कुठली. सरकारने कारखान्याला काही सवलत दिली, नवीन माग घ्यायला अनुदान दिलं, तर त्यातलं कामगारापर्यंत काय येतं हे मला धागाकर्त्यांनी सांगावं. शटलचा साधा माग जाऊन बिनशटलचा वेगवान रॅपियर माग आला की चार माणसांचं काम एक करतो. मी नव्या मागाच्या विरोधात नाही, निकृष्ट मालावर हे गाव टिकणार नाही हे मलाही दिसतं. पण कोरियाने कारखानदाराला निर्यातीची अट घातली असेल, तर आपण कामगार टिकवायची अट का घालू नये?

आणि मोहोळचे दादा, राग मानू नका. कांदा ऐंशी रुपये किलो झाला की आमच्या गल्लीत अर्धा-पाव किलो घेतात. बंदी घातली तेव्हा आमच्या आईला बरं वाटलं होतं, हेही खरं आहे.

मोहोळचा_कांदा

ताई, राग कशाचा. तुमच्या आईला कांदा परवडला पाहिजे हे मलाही पटतं. पण तो स्वस्त करायचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या खिशातून का? भाव चढला तर सरकारने बाजारभावाने खरेदी करून रेशनवर स्वस्त द्यावा. तो खर्च सगळ्या देशाचा होईल. बंदी घातली की तो खर्च माझा एकट्याचा होतो, आणि कागदावर कुठं दिसतही नाही.

धागाकर्त्या दादांना एक सांगतो. कापसावर शुल्क नको म्हणता, माझी हरकत नाही. पण मग काढायचं तर पेरणीच्या आधी, मेअखेरच्या आत जाहीर करा, आणि त्या हंगामात परत हात लावू नका. बहिणीला मे महिन्यात कळलं असतं तर निम्म्या रानात तिनं सोयाबीन नाहीतर तूर केली असती. भाव हमीच्या खाली गेला तर मधला फरक खात्यावर द्या. शुल्क ११ टक्के की शून्य, यापेक्षा ते मधेच बदलू नये, हे आम्हाला जास्त महत्त्वाचं आहे.

अर्थशास्त्र_शिकवते

मोहोळकरांनी भावफरकाचं लिहिलं ते फार महत्त्वाचं आहे. शुल्काने भाव चढवला तर त्याचा किती वाटा शेतकऱ्याला मिळतो आणि किती साठेबाजाला, हे आपल्या हातात राहत नाही. कापूस दिवाळीपर्यंत विकून मोकळा झालेल्या शेतकऱ्याला मे महिन्यातल्या लाखाच्या खंडीचा काय उपयोग? थेट खात्यावर दिलेले पैसे ज्याच्यासाठी आहेत त्यालाच पोचतात, आणि सुताचा भावही चढत नाही.

फक्त तुरीबद्दल एक सूचना. तूर २०२१ पासून कोट्याशिवाय खुली आयात होते आहे आणि ती मुदतही दर वेळी पुढे ढकलली गेली आहे. म्हणजे कापसाऐवजी तूर लावली तरी अनिश्चितता सुटत नाही. मेअखेरची अट कापसाबरोबर डाळींना आणि खाद्यतेलालाही लावा.

नवी_पेठ_चादर

खासदारांना निवेदन द्यायचं असेल तर नकली लेबलचा मुद्दा विसरू नका. सह्या मी दुकानावर गोळा करतो.

टेरी_टॉवेल

ताई, तुम्ही विचारलेल्याचं खरं उत्तर देतो. अनुदानाच्या अर्जात यंत्राचं बिल लागतं, बँकेचं पत्र लागतं. किती कामगार होते आणि किती राहिले याचा कागद मी तरी कधी जोडलेला नाही. तो मागितला पाहिजे.

निवेदनाचा मसुदा मी लिहायला घेतोय. कापूस, डाळी आणि तेलबियांवरचं शुल्क बदलायचं तर मेअखेरच्या आत, आणि हंगामभर तेच. कांद्यावर निर्यातबंदी नको, गरज पडली तर बाजारभावाने सरकारी खरेदी. युरोपशी करार लवकर अमलात आणा, त्यात टॉवेल आणि चादर पहिल्या दिवसापासून शुल्कमुक्त हवेत. नकली सोलापुरी लेबलवर कारवाई. आणि अमेरिकेच्या करामुळे जी काही मदत कारखान्यांना मिळेल ती हजेरीपटावर नावं असलेल्या कामगारांच्या संख्येला बांधलेली. आमच्यापैकी काही मालकांना हे शेवटचं आवडणार नाही, तरी मी ते लिहिणार आहे.

गिरणीचा_नातू

एक ओळ माझी घाला: पक्क्या मालावर जिथे संरक्षण असेल तिथे ते कधी संपणार ते वर्ष आदेशातच छापलेलं असावं. मग माझीही सही आहे.

पूर्व_भागातली_मुलगी

मसुदा तेलुगूतही काढू या, मी लिहून देते. वडिलांच्या कारखान्यातले निम्मे लोक मराठी बोलतात पण वाचत नाहीत.